गालाने दाबलेलं बटण

माझ्या उजव्या गालाबद्दल आजवर कुणाची तक्रार नव्हती. एक दिवसाआड दाढी होते, उन्हाळ्यात जरा रापतो, बाकी बासष्ट वर्षं बिचारा निमूटपणे माझ्याबरोबर राहिला. पण मुलीचं लग्न ठरलं, तिने मला नवा स्मार्टफोन घेऊन दिला, आणि दीड-दोन महिन्यांत या गालाने केटररला उडवून लावलं, व्याह्यांना दुखावलं आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या नऊ वर्षांच्या रागात तेल ओतलं. हे मी केलं नाही, गालाने केलं, असं मी बरेच दिवस भेटेल त्याला सांगत होतो.

आधीचा फोन बटणांचा होता. मुलगी बेलापूरला नोकरी करते, तिला त्या फोनची लाज वाटायची. "बाबा, लग्नाचे फोटो लोक पाठवतील ते काय बटणांवर बघणार का?" म्हणाली. मग हा आला. काचेचा, गुळगुळीत, ओल्या साबणासारखा हातातून सटकणारा. त्यात म्हणे डझनभर सेन्सर आहेत. तुम्ही किती पावलं चाललात, खोलीत उजेड किती, फोन उभा धरलाय की आडवा, सगळं त्याला कळतं. एक सेन्सर खास कानासाठी. फोन कानाला लावला की माणूस जवळ आला हे ओळखायचं आणि पडदा बंद करायचा, म्हणजे गाल लागून भलतं बटण दाबलं जाणार नाही. कान लांब गेला की पडदा पुन्हा चालू. जवळ की दूर, एवढं एकच काम त्याला दिलेलं, आणि आमच्या फोनाला नेमकं तेवढंच जमत नव्हतं.

हे मी अडाण्यासारखं बोलत नाही. तीस वर्षं न्हावा शेव्याच्या रस्त्याला वजनकाट्यावर बसलोय. कंटेनरचा ट्रेलर लोखंडी पत्र्यावर चढायचा, पत्र्याखाली सेन्सर, आणि आत काचेच्या खोलीत माझ्यासमोर आकडा. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचो: गाडी चढवायच्या आधी काटा शून्यावर आहे का बघ. पावसाळ्यात मागच्या गाडीचा चिखल पत्र्यावर पडलेला असतो, कधी एखादं कुत्रं झोपलेलं असतं, आणि ते सगळं पुढच्या गाडीच्या वजनात धरलं जातं. आकडा चुकला तर यंत्राला शिव्या देऊ नये, खाली वाकून बघावं. एवढं शहाणपण मी तीस वर्षं दुसऱ्यांना वाटलं आणि निवृत्त होताना सगळंच्या सगळं तिथेच ठेवून घरी आलो.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, आमच्या फोनाचे चारही झाले नाहीत. केटररशी जेवणाचं बोलत होतो. "मटण कोवळं पाहिजे, मागच्या लग्नात तुम्ही..." एवढ्यात फोन बंद. पुन्हा लावला, "तर मागच्या लग्नात तुम्ही..." पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी तोच म्हणाला, "काका, मागच्या लग्नाचा राग असेल तर सरळ सांगा, फोन कशाला आपटता?" कधी बोलता बोलता फोनचा टॉर्च लागायचा आणि माझ्या कानाशी उजेड पडायचा. कधी समोरच्याला माझ्याकडून टूं-टूं असे आकडे दाबल्याचे आवाज जायचे.

बायकोचं निदान तयारच होतं. "अहो, तुम्ही फोन कानाला लावत नाही, भाकरी थापावी तसा थापता." हा तीस वर्षांचा दोष आहे, मला मान्य आहे. काट्यावर बाहेर ट्रेलरची घरघर, हॉर्न, क्लीनरची बोंबाबोंब. तिथे फोन कानात घुसवल्याशिवाय काही ऐकू येत नाही, आणि एकदा लागला की आपलं बोलणं एका दमात संपवायचं असतं. समोरचा हं हं करतोय का याची वाट आमच्या लाईनीत कुणी बघत नाही. मुलगी म्हणाली, इअरफोन लावा. कानात वायरी खुपसून हातवारे करत फिरणारी माणसं मी रोज बघतो, त्यांच्यात मला भरती व्हायचं नव्हतं. म्हणाली, मग स्पीकरवर बोला. म्हणजे आमच्या घरातलं लग्न सगळ्या बिल्डिंगने ऐकायचं. ज्याने फोन विकला तो दुकानदार म्हणाला, "काका, काचेवरचा गार्ड काढा, त्याने होतं." तो गार्ड त्यानेच लावला होता, आणि लावताना हे फार गरजेचं आहे म्हणून सांगितलं होतं. काढला. गाल आता थेट काचेला लागायला लागला, एवढाच फरक पडला.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण मुलीने एक अट घातली होती. आमच्या घरात नवरीला पहिली हळद आत्याने लावायची रीत आहे. "आत्या येणार नसेल तर मला हळद नको," म्हणाली. "आणि वॉट्सअ‍ॅपवर पत्रिका टाकून झालं बोलावणं म्हणू नका." यात मात्र पोरगी बरोबर होती. वॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पत्रिकेला आमच्याकडे बोलावणं म्हणत नाहीत, खबर म्हणतात. आवतण तोंडाने द्यावं लागतं. आणि माझं तोंड नऊ वर्षं बहिणीच्या बाबतीत बंद होतं.

कारण ऐकाल तर म्हणाल, माणसं आहेत की काय. कारण एक कावळा होता.

आई शेवटचं दीड वर्ष माझ्याकडे पनवेलला होती. ती गेली. दहाव्याला तळ्यावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. एरवी आमच्या गच्चीवरच्या कुरडया पळवणारे कावळे त्या दिवशी कडुलिंबावर पंगतीला बसल्यासारखे बसून आमच्याकडे बघत होते. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. मग एकेकाने हात जोडून पुढे यायचं आणि अंदाजाने एकेक इच्छा बोलून बघायची. मी म्हटलं, नातीचं लग्न थाटात करीन. कावळा ढिम्म. चुलत भाऊ म्हणाला, गावच्या देवळाला घंटा देऊ. ढिम्म. ऊन चढलं, माणसं सावलीला सरकायला लागली. मग बहीण पुढे झाली. उरणकडच्या गावात दिलेली, माझ्याहून चार वर्षांनी लहान. हात जोडून म्हणाली, "आये, माज्या घरी येवाचं ऱ्हायलं तुजं. मी न्यावाला आले नाय. चुकलं माजं." आणि कावळ्याने झडप घातली.

सगळ्या भावकीने आधी कावळ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. कारण दीड वर्ष मी ज्याला त्याला सांगत होतो की आईला माझ्याकडे छान करमतं, तिला कुठे म्हणजे कुठे जायचं नाही. माझं डोकं फिरलं. पिंडासमोर उभा राहून मी बहिणीला म्हटलं, "कावळा काय घरून शिकवून आणलास?" तिने एवढंच विचारलं, "असं बोलतोस?" मी म्हटलं, बोलतोच, आणि यापुढे तुझ्या घराच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. ती म्हणाली, "नको लावूस." झालं. माणसं जमिनीवरून भांडतात, आम्ही पक्ष्यावरून भांडलो. नऊ वर्षं.

आता पोरीच्या हळदीसाठी काय करायचं? उंबऱ्याला पाय लावायचा नाही ही शपथ सगळ्यांसमोर घेतलेली. मग मला, स्वतःला फार हुशार समजणाऱ्याला, युक्ती सुचली. शपथ पायाची होती, तोंडाची नव्हती. फोन करायला काय हरकत आहे?

संध्याकाळी बिल्डिंगच्या गच्चीवर गेलो, कारण जे बोलायचं होतं ते बायकोसमोरही बोलवलं नसतं. पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिलो. समोर कर्नाळ्याचा सुळका दिसत होता, तो बघत नंबर लावला. तिने उचलला. "कोन?" म्हणाली. मी म्हटलं, "मी बोलतोय." मग म्हणाली, "बोल."

आणि मी बोललो. आधी लग्नाचं सांगितलं, मुलगा काय करतो, माणसं कुठली. मग जे नऊ वर्षं घशात अडकलं होतं ते बाहेर काढलं. आई तुझ्याकडे जायचं म्हणाली होती, हे खरं आहे, असं मी तिला सांगितलं. एकदा नाही, तीनदा म्हणाली. पहिल्या वेळी मी म्हटलं पाऊस संपू दे. दुसऱ्या वेळी म्हटलं गाडी मिळत नाही. वजनकाट्यावर तीस वर्षं काढलेल्या माणसाला गाडी मिळत नव्हती. तिसऱ्या वेळी मी काही बोललोच नाही, पेपर वाचत बसलो. मला भीती होती. म्हातारीला मुलाकडे करमेना, शेवटी लेकीकडे गेली, असं लोक म्हणतील याची. लोकांसाठी मी आईला अडवून ठेवलं आणि तुला कळू दिलं नाही. मधे मधे मी थांबत होतो. पलीकडे काहीच आवाज नव्हता. मला वाटलं ऐकतेय, रडत असेल, रडू दे. शेवटी म्हटलं, "झालं गेलं विसर आणि हळदीला ये. पहिली हळद तुझी." तिने काही म्हणायच्या आधीच फोन कानावरून काढला आणि चष्मा नसल्यामुळे लाल दिसलं ते बटण दाबून टाकलं. नाही म्हणाली असती तर ते ऐकायची माझ्यात ताकद नव्हती, हे खरं कारण. चष्मा आपला सांगायला.

खाली आलो तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की बायकोने विचारलं, कुणाला शिव्या घालून आलात?

मग वाट बघितली. आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. बहिणीचा फोन नाही, निरोप नाही. हळूहळू हलकेपणा उतरला आणि माझा मूळ स्वभाव परत आला. मी मन मोठं केलं, माफी मागितली, आणि हिला त्याचं काहीच नाही? घरात मी बोलायला लागलो. काही लोकांना माफीसुद्धा पचत नाही. आम्ही वाकलो म्हणून डोक्यावर बसायचं. बायकोने एकदा विचारून पाहिलं, "ती नेमकं काय म्हणाली?" मी म्हटलं, काही म्हणाली नाही, तिथेच तर तिचा माज दिसतो. मुलगी हे ऐकून आत निघून जायची. मला वाटायचं, आत्याच्या वागण्याचं तिला वाईट वाटतंय.

तेवढ्यात व्याह्यांचं प्रकरण झालं. मी केटररला सांगत होतो की मुलाकडची माणसं जरा जेवणारी आहेत, भाकऱ्या कमी पडल्या तर ती आपल्यालाच तळून खातील. बोलता बोलता माझ्या गालाने व्याह्यांना फोन लावून तो आमच्या बोलण्याला जोडून दिला. ही सोय या फोनात आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं, गालाला माहीत होतं. व्याही सभ्य माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "आम्ही घरून खाऊन येऊ, काळजी करू नका." दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन मी त्यांच्याकडे, आणि तिथून तसाच फोनच्या सर्व्हिस सेंटरला.

तिथे टेबलामागे एक मुलगी होती, चुणचुणीत, माझ्या मुलीच्याच वयाची. फोन घेऊन तिने काहीतरी आकडे दाबले आणि तपासणीचा पडदा उघडला. म्हणाली, "काका, इथे वरच्या बाजूला हात धरा." मी तळहात धरला. पडद्यावर इंग्रजीत शब्द आला: दूर. हात काढला, दूर. हात अगदी काचेला टेकवला. तरी दूर.

"माझा हात याच्या छातीवर आहे आणि हा दूर म्हणतोय," मी म्हटलं. "काखेत कळसा नि गावाला वळसा."

ती हसली. "काका, खरं म्हणजे या मॉडेलला वेगळा सेन्सर नाहीच आहे. तुम्ही फोन कसा उचलला, कसा वळवला, यावरून तो अंदाज बांधतो की कान जवळ आहे का."

"म्हणजे अंदाजाने?"

"हो. अपडेट आलं की अंदाज सुधारेल."

मी मनात म्हटलं, वा. अंदाजाने ओळखायची पद्धत आम्ही तळ्यावर कधीची वापरतोय. फक्त तिथला कावळा एकदा तरी बरोबर निघाला होता.

मी तिला गालाचे सगळे पराक्रम सांगितले. ती मान डोलवत होती. "हो, फोन कट होतो, म्यूट होतो, होल्डवर जातो, सगळ्या कम्प्लेंट येतात." मी सहज विचारलं, होल्डवर जातो म्हणजे काय होतं? "तुम्हाला त्यांचं ऐकू येत नाही, त्यांना तुमचं नाही. पण फोन चालूच असतो." तिने माझ्याच फोनवरून स्वतःच्या फोनला कॉल लावला, होल्ड दाबलं आणि तिचा फोन माझ्या कानाला दिला.

आतून एक बाई अतिशय गोड आवाजात सांगत होती, आपण ज्या व्यक्तीशी बोलत आहात त्यांनी आपला कॉल होल्डवर ठेवला आहे, कृपया लाईनवर राहा. मग तेच पुन्हा. मग तेच पुन्हा.

दुसऱ्या हातात माझा फोन होता. तो मी कानाला लावला. काही आवाज नाही. घरघर नाही, श्वास नाही, काही म्हणजे काही नाही. ही शांतता माझ्या ओळखीची होती. गच्चीवर हीच ऐकली होती आणि तिला मी बहिणीचं रडणं समजलो होतो.

मी त्या मुलीला तीन आठवड्यांपूर्वीचा कॉल शोधून दे म्हटलं. तिने दाखवला. अकरा मिनिटं आणि वर काही सेकंद.

नऊ वर्षांनी मी बहिणीला फोन केला, ती "बोल" म्हणाली, मी तिला होल्डवर टाकलं, अकरा मिनिटं त्या गोड बाईचं बोलणं ऐकवलं आणि मग एक शब्द न बोलता फोन आपटला. असा अपमान ठरवून करायचा म्हटला असता तर मला सुचला नसता. दोन्ही फोन मी टेबलावर ठेवून दिले. ती मुलगी म्हणाली, "काका, पाणी देऊ? एवढं काही नाही, वॉरंटीत आहे." आणि गाडी चढवायच्या आधी शून्य बघ म्हणून लोकांना शिकवणारा मी तीन आठवडे बहिणीच्या माजाचं वजन करत बसलो होतो.

फोन तिथेच सोडून मी एसटी स्टँडवर गेलो आणि उरणची गाडी पकडली. पुन्हा फोन करायची माझी हिंमत नव्हती. कुणाच्या फोनवरूनही नाही. वाटेत ट्रेलरच्या रांगेत गाडी तासभर अडकली. माझा जुना काटा खिडकीतून दिसला, त्यावर कुणीतरी दुसराच बसला होता. उंबऱ्याच्या शपथेचं काय करायचं, हे मी सगळा रस्ता घोळवत होतो. बाहेर उभं राहून बोलावं, असं ठरवलं.

गावात पोचलो तर तिचं घरच सापडेना. कौलारू घर होतं तिथे दुमजली पक्कं घर उभं होतं, गुलाबी रंगाचं. नवं घर बांधलं, वास्तुशांत झाली, जेवणावळ झाली असणार, आणि मला पत्ता नाही. ज्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही म्हणून मी नऊ वर्षं ताठ होतो तो उंबरा कधीच उखडून गेला होता. शपथ सुटली म्हणून आनंद व्हायला पाहिजे होता. मला फार वाईट वाटलं.

ती ओटीवर सुकट निवडत बसली होती. केस पांढरे झालेले. मला पाहून उठली नाही. "आलास?" म्हणाली, जसा काही मी बाजारातून परत आलो होतो. मेव्हणे बाहेर गेले होते. मी समोरच्या खुर्चीवर बसलो आणि आधी फोनचं सांगितलं. सेन्सर, गाल, होल्ड, जवळ, दूर, सगळं. ती ऐकत होती आणि सुकटीतला कचरा बाजूला काढत होती.

"म्हंजे तू मुद्दाम नाय केलंस," ती म्हणाली.

"शपथ घेतो."

"नको. तुज्या शपता ठाव हायत मना."

मी विचारलं, "पण अकरा मिनिटं तू फोन धरून का बसलीस? कापायचा ना."

"ती बाय सांगत व्हती ना, लायनीवर रावा, लायनीवर रावा." तिने सूप झटकलं. "म्हनून रायले. मना वाटलं तुला काय तरी काम आलं असंल. आता येशील, मंग येशील."

मी खाली वाकून सुपातली एक काडी उचलून बाजूला टाकली.

मग तीच म्हणाली, "हळदीला येतंय मी. पोरगी तुजी मागल्या आयतवारी येऊन गेली. तुला सांगू नको बोलली, बाबाला सोताहून येऊ दे बोलली. आवतन झालं. तू आता चाय पी आनि जा."

म्हणजे काम झालं होतं. बहीण हळदीला येणार होती, फोनचा घोटाळा तिला पटला होता, आणि गच्चीवर मी जे बोललो त्यातला एक शब्दही तिच्यापर्यंत पोचला नव्हता. चहा प्यायचा, हसायचं आणि साडेचारची एसटी धरायची. नऊ वर्षांपूर्वीचं ते तीनदाचं प्रकरण माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्या गोड बाईने माझी अब्रू अकरा मिनिटं राखली होती. ज्या नसलेल्या सेन्सरला मी महिनाभर शिव्या घातल्या त्याने माझ्यावर केवढे उपकार करून ठेवले होते.

तिने विचारलं, "पन काय बोलत व्हतास येवडा येळ?"

लग्नाचंच, असं सांगून भागलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे आईसारखे झाले होते. गच्चीवर मी शुद्ध मराठीत बोललो होतो, पनवेलला आल्यापासून 'नाय'चं 'नाही' केलेलं. इथे ते सगळं गळून पडलं.

"आय तुज्याकडं येवाचं बोलत व्हती," मी म्हटलं. "तीन डाव बोलली. मी नाय आनलं. तुला सांगितलंबी नाय. मना लाज वाटली लोकांची. तो कावळा खरा व्हता."

तिचे हात थांबले. मला वाटलं, कावळ्याचं तिला माहीत होतं, तेव्हा म्हणेल, जाऊ दे, झालं ते झालं. मोठ्या मनाची आहे, फोनचं माफ केलं तसं हेही करील.

ती म्हणाली, "मी नऊ वर्सं सोतालाच बोल लावत रायले. मी न्यावाला गेले नाय म्हनून. मना वाटायचं, आय वाट बघत गेली नि माजंच चुकलं." मग तिने वर पाहिलं. "आनि तू येक फोन नाय केलास? तवा तर तुजा फोन चांगला व्हता ना?"

चांगला होता. बटणांचा होता, एकदा चार्ज केला की तीन दिवस चालायचा, कधी कट झाला नाही, कधी होल्डवर गेला नाही. आईनेच मला सांगून त्यात एक सोय करून घेतली होती. तिला आकडे वाचता येत नसत, म्हणून दोन नंबरचं बटण दाबून धरलं की बहिणीला फोन लागायचा. मी समोर बसलेला असायचो, म्हणून ती खुशालीपलीकडे काही बोलायची नाही. शेवटच्या महिन्यात तिची बोटं चालेनाशी झाली तेव्हा ती फोन माझ्यापुढे धरायची, मी दाबावं म्हणून. मी म्हणायचो, नंतर.

हे मी बहिणीला सांगितलं. तेवढंही सांगितलं.

ती उठली, सूप उचललं आणि आत गेली. मला तिथेच बसवून ठेवलं. आतून काही आवाज येत नव्हता. मेव्हणे येऊन गेले, मला बघून चपापले, आत डोकावले आणि पुन्हा बाहेर निघून गेले. साडेचारची एसटी गेली. लाईनवर राहा म्हणून सांगणारं तिथे कुणी नव्हतं, तरी मी बसून राहिलो.

उन्हं कलली तेव्हा ती बाहेर आली. डोळे सुजले होते. चहाचा कप तिने माझ्यापुढे आदळला, थोडा बशीत सांडला. मी बशीतला आधी प्यायलो.

"पोरीसाटी येनार हाय," ती म्हणाली. "तुज्यासाटी नाय."

"बरं," मी म्हटलं.

"सकाळी किती वाजता येऊ?"

मी म्हटलं, तू नको येऊस, मी न्यायला येतो. गाडी मिळते.